घाटातला दिवस किलोमीटरमध्ये मोजू नका

प्रश्न : माझे वय ४६ आहे. गेली सहा वर्षे मी नियमित सायकल चालवतो आणि सपाटीवर दिवसाला १०० किलोमीटर मला जड जात नाहीत. गेल्या महिन्यात प्रथमच सायकलवर सामान लादून एकटाच दहा दिवसांच्या डोंगराळ सफरीला निघालो. चौथ्या दिवशी ८० किलोमीटरचा टप्पा होता : १,३०० मीटर उंचीवरून ३,२०० मीटरवरच्या खिंडीत चढायचे आणि पलीकडे उतरून मुक्काम करायचा. थोडेसे खाऊन साडेनऊला निघालो. पहिले २९ किलोमीटर चांगले गेले, मात्र शेवटच्या १२ किलोमीटरच्या उभ्या चढावर दुपारी अडीचच्या सुमारास पायांतले बळ एकाएकी गेले. तीन किलोमीटर सायकल ढकलत नेली. खिंडीत साडेपाचला पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता. उतारावर हात इतके बधिर झाले की जाकिटाची चेन ओढता येईना. अंधारात, थरथरत साडेआठला मुक्कामी पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत सायकल टाकून घरी परतलो. चार महिन्यांनी तीन आठवड्यांची, ४,००० मीटरपेक्षा उंच खिंडी ओलांडणारी सफर ठरवली आहे. ती रद्द करावी का? सोबती शोधावा का? की माझ्यात जिद्दच कमी आहे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण जिद्दीविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच दिलेल्या आकड्यांत आहे आणि ते तुम्हाला दाखवल्याशिवाय मी धीराचे चार शब्द लिहिले, तर त्यांचा तुम्हाला उपयोग होणार नाही.

तुमचे वजन, सायकल आणि सामान मिळून साधारण १०० किलो धरू. एवढे ओझे १,९०० मीटर वर उचलायला सुमारे १,९०० किलोज्यूल काम करावे लागते. त्यात रस्त्याचे घर्षण मिळवले की ते २,१०० च्या आसपास जाते. सामान लादून तासन् तास चढणारा, बऱ्यापैकी सराव असलेला माणूस टिकून देऊ शकेल अशी शक्ती ११० वॅट धरली, तर हे काम पुरे व्हायला सव्वापाच ते साडेपाच तास लागतात, आणि हे तास निव्वळ पॅडल मारण्याचे आहेत. पाणी भरणे, खाणे, कपडे बदलणे, वळणावर थांबून धाप ओसरू देणे यांचा एक तास त्यात मिळवा. साडेनऊला निघालेला, सर्व काही बरोबर करणारा माणूससुद्धा त्या खिंडीत पावणेचारच्या आधी पोहोचला नसता. म्हणजे तुमचा दिवस अडीच वाजता मोडला असे तुम्हाला वाटत असले, तरी तो सकाळी साडेनऊलाच हातातून गेला होता. अडीच वाजता ते तुमच्या पायांना कळले, इतकेच.

ही चूक सपाटीवरच्या सवयीतून येते आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते. तिथे दिवस किलोमीटरमध्ये मोजला तर चालते. घाटात मात्र टप्पा ८० किलोमीटरचा आहे ही माहिती फारशी उपयोगाची नसते, कारण त्यातले ३९ किलोमीटर उताराचे असतात आणि शेवटचे १२ किलोमीटर एकटेच अडीच-तीन तास खातात. घाटातला दिवस चढाईच्या मीटरमध्ये आणि तासांमध्ये मोजावा. सामानासह ताशी ३०० ते ३५० मीटर उंची मिळवणे ही पुष्कळ सायकलस्वारांची टिकाऊ गती असते. तुमची नेमकी किती आहे हे पुढच्या सफरीआधी तुम्हाला ठाऊक असायला हवे, आणि ते कसे शोधायचे हे मी शेवटी लिहिले आहे.

आता पायांतले बळ एकाएकी का गेले ते पाहू, कारण तुम्ही त्याला दुबळेपणा समजला आहात. आपले शरीर जाळलेल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता होऊन जाते, म्हणून पॅडलवर केलेले जेवढे किलोज्यूल काम, जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी शरीरात खर्च होतात. तो घाट चढायला तुम्हाला साधारण २,१०० किलोकॅलरी लागणार होत्या. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर मिळून १,६०० ते २,००० किलोकॅलरी भरते. चरबी अर्थातच जळत असते, पण ती हळू जळते, आणि तुमच्यासारखी सुरुवातीला घाई केली की शरीर साखरेवर अधिक विसंबते. थोडेसे खाऊन निघालात, वाटेत काय खाल्ले त्याचा पत्रात उल्लेख नाही, त्यामुळे फारसे खाल्ले नसावे असे मी धरते. अशा वेळी बळ हळूहळू ओसरत नाही. दिव्यातले तेल संपावे तसे ते जाते, आणि त्याच्याबरोबर विचारशक्तीही मंदावते, कारण मेंदूलाही तीच साखर हवी असते. यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो चुकवण्याचा मोह फार मोठा असतो : पहिल्या तासापासून, भूक नसताना, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. फ्रान्समधल्या सेंट-एटिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी सायकलवरून हिंडणाऱ्यांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे हा एक होता. थंडी वाजण्याआधी अंगावर कपडे चढवावेत, अहंकारापायी कधीही पॅडल मारू नये, असेही त्यांनी सांगितले होते. घाटातल्या सायकलींना एकापेक्षा अधिक गिअर असावेत, यासाठी झटणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते होते.

गिअरचा विषय निघालाच आहे, तर तुम्ही पत्राच्या खाली जे लिहिले आहे, की पुढची सर्वांत लहान दातरी (साखळी बसते ते दात्यांचे चाक) ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची, त्यावर थोडे थांबते. आठ टक्के चढावर, १०० किलो वजनाने, ११० वॅटमध्ये माणूस ताशी पाच किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. तुमच्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी पाच किलोमीटरला पाय मिनिटाला फक्त ३३ वेळा फिरतात. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जिना चढल्यासारखा दाब येतो, आणि वेग थोडा जरी कमी झाला तरी तोल जातो, म्हणून तुम्ही दमलेले असतानाही वेग राखण्यासाठी अधिक जोर लावत राहिलात. पुढे २२ आणि मागे ३४ दाते असते, तर त्याच वेगाला, त्याच शक्तीत, पाय मिनिटाला साठच्या आसपास फिरले असते. पुढच्या सफरीआधी एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते या दातऱ्यांवर करा. हलकी चाके, महागडी सीट, नवा तंबू हे सर्व त्यानंतर.

सायकल ढकलत नेल्याची खंत तुमच्या पत्रात डोकावते. तीन किलोमीटर अंतर ताशी पाचने पॅडल मारत ३६ मिनिटांत झाले असते; ताशी साडेतीनने चालत ते ५१ मिनिटांत झाले. पंधरा मिनिटांचा फरक आहे. चालताना वेगळे स्नायू काम करतात, पाठ सरळ होते, हाताच्या तळव्यांवरचा भार उतरतो. १९१० साली टूर द फ्रान्स शर्यत प्रथमच पिरेनीजच्या उंच घाटांतून नेली गेली तेव्हा २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीच्या चढावर ओक्ताव लापिझ काही अंतर सायकल ढकलत चालला होता. गुस्ताव्ह गारिगू मात्र न उतरता वर गेला आणि त्याबद्दल त्याला बक्षीसही मिळाले. तो टप्पा आणि त्या वर्षीची संपूर्ण शर्यत लापिझने जिंकली. उतरून चालणे हे घाटातले आणखी एक गिअर आहे असे समजा, आणि ते शेवटचा उपाय म्हणून राखून न ठेवता उभ्या वळणांवर, दम संपण्याच्या आधीच, पाच-पाच मिनिटे वापरा.

चढावर तुमचे जे झाले ते कष्टाचे होते. उतारावर जे झाले ते धोक्याचे होते, आणि त्याबद्दल मला तुमच्याशी अधिक स्पष्ट बोलायचे आहे. दर १,००० मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याशी २२ अंश असतील तर तुमच्या खिंडीत ती १० च्या खाली होती. १० अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरताना कोरड्या अंगालाही ती ६ अंशांसारखी लागते, आणि तुम्ही तर घामाने आणि पावसाने भिजलेले होता, पोट रिकामे होते आणि उतारावर पाय स्वस्थ असल्यामुळे अंगात उष्णता तयारच होत नव्हती. थरथर, बोटांचा बधिरपणा, चेन ओढता न येणे ही शरीराचे तापमान घसरू लागल्याची खूण आहे. यापुढची पायरी म्हणजे थरथर थांबते, बोलणे जडावते आणि आपल्याला थंडी वाजत नाही असे माणसाला वाटू लागते. तुम्ही त्या पायरीवर पोहोचला नाहीत याचा मला मनापासून आनंद आहे.

एकट्या माणसाकडे त्याचा चेहरा पाहणारे दुसरे कोणी नसते, म्हणून स्वतःची परीक्षा घेण्याची एक ठरलेली रीत असावी. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर सायकल चालवणे तिथेच बंद करायचे, कारण तीच बोटे ब्रेक दाबणार आहेत. आडोसा शोधायचा, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, काहीतरी गोड खायचे आणि बोटे परत आपली वाटेपर्यंत हलायचे नाही. यासाठी कोरड्या कपड्यांचा एक थर आणि हातमोज्यांचा दुसरा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, सामानाच्या सर्वांत वर असला पाहिजे. तो खिंडीत, उताराला लागण्याआधी अंगावर यावा. पहिल्या वळणानंतर थांबून घालू असे म्हणणारा माणूस सहसा थांबत नाही.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्याचेही तुम्ही पत्राच्या खाली लिहिले आहे. तसे करू नये. सरळ भागात दोन्ही ब्रेक एकदम, जोराने पण थोडा वेळ दाबून वेग उतरवावा आणि वळणात शिरण्याआधी सोडून द्यावेत, म्हणजे रिमला किंवा डिस्कला मधल्या वेळात थंड होता येते. रिमवर पकडणारे ब्रेक ओले असतील तर पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात, तेव्हा पावसात बरेच आधी दाबायला लागावे. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते हे ध्यानात ठेवून, सामान लादलेल्या सायकलवर वेगाचा मोह धरू नये. दहा-दहा किलोमीटरवर थांबून हात चोळावेत आणि ब्रेकचे गट्टू पाहावेत.

आता सोबत्याचा प्रश्न. सोबती असता तरी १,९०० मीटर १,९०० च राहिले असते, साडेनऊ साडेनऊच राहिले असते. सोबती एका ठिकाणी उपयोगी पडतो : दमलेल्या माणसाच्या वतीने तो निर्णय घेऊ शकतो. दुपारी अडीच वाजता, रिकाम्या पोटी, खिंड सहा किलोमीटरवर असताना, पुढे जावे की परत फिरावे हा प्रश्न ज्याला पडतो तोच तो सोडवायला सर्वांत कमी लायक असतो. तुम्ही पुढे गेलात, कारण पाच तास चढून मिळवलेली उंची सोडवत नाही. मी एकटीने बरीच वर्षे डोंगरांत सायकल चालवली आहे आणि एवढी एकच गोष्ट मला ठामपणे सांगता येईल : एकट्याच्या सफरीतले सर्व महत्त्वाचे निर्णय सकाळी, पोट भरलेले आणि डोके ताजे असताना, लिहून ठेवावेत, आणि दुपारी त्यांचे निमूटपणे पालन करावे. सकाळचा माणूस आस्थेने दुपारच्या माणसाची काळजी घेऊ शकतो. दुपारच्या माणसाने फक्त त्याचे ऐकायचे असते.

मी हँडलला एक चिठ्ठी चिकटवते. तीवर अमुक ठिकाणी अमुक वाजेपर्यंत पोहोचले नाही तर वर जाणार नाही, असे एक वाक्य असते, आणि त्याच्याखाली मागे किंवा वाटेत मुक्कामाची जागा कुठे आहे ते लिहिलेले असते. तुमच्या त्या दिवसासाठी ती चिठ्ठी अशी झाली असती : २९ व्या किलोमीटरला साडेअकरापर्यंत, अन्यथा तिथेच मुक्काम. एकदा मला खिंड चार किलोमीटरवर दिसत असताना दुपारी एक वाजता मेघगर्जना ऐकू आली. वीज चमकणे आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून आसरा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तो सोडू नये, असा नियम आहे. माझ्या चिठ्ठीवर गडगडाट झाल्यास परत असे लिहिले होते. मी वळले, खाली उतरताना मला रडू आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरभ्र आकाशाखाली तेच वरचे चार किलोमीटर पाऊण तासात झाले. त्या रडण्याची मला आज लाज वाटत नाही, तुम्हालाही तुमच्या थरथरण्याची वाटू नये.

पहाटे निघण्याचा आग्रह मी धरते त्याचे कारण केवळ तासांचा हिशोब हे नाही. ऊन चढले की दरीतली हवा तापून वर सरकू लागते, दुपारी खोऱ्यांमध्ये जोराचा वारा सुटतो आणि डोंगरमाथ्यावर ढग जमून वादळी पाऊस होण्याचा संभव वाढतो. बर्फ वितळून येणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारनंतर गुडघ्याएवढे होतात. सूर्य पंचांगातल्या वेळेच्या पुष्कळ आधी कड्यामागे जातो, आणि तो गेला की ऊब लगेच जाते. सहाला निघालात तर तुमचा तो घाट एक वाजण्याच्या आत संपतो आणि उतार उन्हात, कोरड्या रस्त्यावर, दिसत्या डोळ्यांनी होतो.

पुढच्या सफरीतल्या उंचीविषयी वेगळी काळजी घ्यावी लागेल. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा खिंड ओलांडून खाली झोपलेले चांगले. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक न लागणे, विलक्षण थकवा यांपैकी काही असेल तर वर जायचे नाही. बरे वाटेना, किंवा एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालता येईना, स्वस्थ बसूनही धाप लागली, तर रात्र असली तरी मदत मागून खाली उतरायचे. ४६ व्या वर्षी, निघण्याआधी हृदय आणि रक्तदाब यांची तपासणी करून डॉक्टरांशी या उंचीबद्दल मोकळेपणाने बोलून घ्यावे, एवढी माझी विनंती आहे. घरच्या एका माणसाकडे रोजचा मार्ग आणि रात्री संदेश येण्याची शेवटची वेळ लिहून द्या. जिथे मोबाइलला रेंज नसते तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारे लहान यंत्र बरोबर ठेवा, आणि ते सामानात ठेवू नका, अंगावर बाळगा.

सफर रद्द करू नका. तिचा आराखडा मात्र नव्याने आखा. त्याआधी एक दिवस काढा. सफरीत नेणार तेवढेच सामान लादा, नव्या दातऱ्या बसवा, पहाटे सहाला निघून एकूण १,००० मीटरची चढाई करा, दर तासाला खा, आणि वर पोहोचल्यावरही चार वाक्ये बोलता येतील इतक्याच जोराने पॅडल मारा. लागलेले तास थांबण्यासकट लिहून ठेवा; १,००० ला त्यांनी भागले की तुमची ताशी चढाईची गती मिळेल. मग तीन आठवड्यांतल्या प्रत्येक दिवसाची चढाई त्या गतीने भागा, ३,००० मीटरच्या वरच्या दिवसांना तिसरा हिस्सा वेळ अधिक धरा, आणि ज्या दिवसाचे उत्तर सात तासांच्या वर जाईल तो दिवस दोन दिवसांत वाटून टाका. तीन आठवड्यांचे चार आठवडे झाले आणि तेवढी सुट्टी नसेल, तर एक खिंड वगळा. गतीचा तो आकडा मिळाला की मला कळवा. आराखडा मी तुमच्याबरोबर बसून पाहीन.